आजारी कुत्रं अन्नाला तोंड लावत नाही तेव्हा

कुत्र्यानं भाकर सोडली, तर पहिल्या दिवशी त्याला खाऊ घालण्याच्या मागे लागू नका. अंगात ताप, पोटात मळमळ, तोंडात जखम किंवा रक्तात जंतू असल्यामुळे ते खात नसतं. अशा वेळी जबडा उघडून घास कोंबला तर तो उलटीत बाहेर येतो आणि सोबत अंगातलं पाणीही जातं. मळमळत असताना जे अन्न कोंबलं, त्याचा वास बरं झाल्यावरही कुत्र्याला नको होतो. आधी ते हात लावण्याजोगं आहे का ते बघा, मग तपासा, मग पाणी पाजा आणि शेवटी अन्न द्या. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं.

हात लावण्याआधी

दोन-तीन हात लांबून पाच मिनिटं नुसतं बघा. खालचा जबडा लोंबतो आहे, लाळेच्या तारा गळताहेत, पाण्याजवळ जातं पण गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज घोगरा झाला आहे, मागचे पाय लटपटताहेत किंवा मायाळू कुत्रं अंधाऱ्या कोपऱ्यात बसून गुरगुरतं आहे, यातलं एक जरी दिसलं तरी तोंडात हात घालायचा नाही. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की गावभर चावत सुटलेलं कुत्रं डोळ्यांसमोर येतं. पण रेबीजचा एक प्रकार मुका असतो. त्यात कुत्रं शांत बसतं, जबडा लुळा पडतो, आणि घरच्यांना वाटतं की घशात हाड अडकलं. मग कोणीतरी हाड काढायला हात घालतो आणि बोटांवरच्या खरचटीतून लाळ आत जाते. लस न टोचलेलं, गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याशी, कोल्ह्याशी किंवा मुंगसाशी भांडलेलं कुत्रं असेल तर संशय आणखी पक्का धरा. त्याला खोलीत किंवा कोठ्यात कोंडा, लेकरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकाला फोन करा.

आधीच लाळ लागली असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं सलग १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तिथं लस मोफत मिळते. हळद, चुना, तिखट काही लावू नका. 'कुत्रं दहा दिवस जगतं का बघू, मग लस घेऊ' हा हिशेब जिवावर बेततो. लस लगेच सुरू करायची आणि कुत्र्यावर नजरही ठेवायची.

वाट किती बघायची

मोठं कुत्रं पाणी पितं, शेपूट हलवतं, हाक मारली की उठतं, उलटी-हगवण नाही, तर एक दिवस थांबायला हरकत नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की धडधाकट कुत्रंही दुपारचं जेवण सोडतं. त्याला पहाटे आणि दिवस बुडाल्यावर वाढा. भादव्यात आसपास माजावर आलेली कुत्री असेल, तर नराचं जेवणात लक्ष नसतं. हे आजार नव्हेत.

न खाण्यासोबत सुस्ती असेल तर २४ तासांच्या वर थांबू नका. सुस्ती नसली तरी ४८ तास ही शेवटची हद्द समजा. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू आठ-दहा तास खात नसेल तर त्याच दिवशी न्या, कारण त्याच्या अंगात साखरेचा साठाच नसतो. ते लटपटत असेल तर निघण्याआधी बोटानं हिरड्यांना गुळाचं किंवा साखरेचं दाट पाणी चोळा. घोट घोट पाजायला जाऊ नका.

पोट फुगून टणक झालंय आणि नुसते कोरडे ढेकरे देऊन ओकायचा प्रयत्न चालू आहे, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडल्यात, लघवी चहाच्या रंगाची होते आहे, अंग थरथरतंय, विष्ठेतून रक्त पडतंय, तोंड सुजलंय आणि साप चावल्याचा संशय आहे, अशा वेळी हा लेख बाजूला ठेवून निघा.

घरी काय तपासायचं

ताप हातानं कळत नाही. कुत्र्याचं नाक गरम लागलं म्हणजे ताप, ही समजूत सोडून द्या. मेडिकलमधून साधा डिजिटल थर्मामीटर आणा, तो कुत्र्यासाठी वेगळाच ठेवा. टोकाला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावून गुदद्वारात बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा थोडा जास्त सरकवा आणि बीप वाजेपर्यंत धरा. एकानं डोकं बगलेत धरावं, दुसऱ्यानं मोजावं. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. १०३ च्या वर ताप, १०४ च्या वर दवाखाना. ९९ च्या खाली गेलं तर ते तापापेक्षाही वाईट. पोतं गुंडाळा, उबेत ठेवा आणि निघा.

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबून सोडली की पांढरा ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट लागली आणि मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर हळूहळू खाली बसली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. कुत्रं झोपलेलं असताना छातीची वर-खाली मोजा. मिनिटाला १० ते ३० श्वास हे ठीक.

कुत्रं आपलं, ओळखीचं, लस टोचलेलं असेल आणि वरची लक्षणं नसतील, तरच तोंड उघडून बघा. पोळ्याच्या करीला आणि धुळवडीला हाडं मुबलक असतात, आणि पुढचे दोन दिवस 'खात नाही' म्हणून कुत्री दवाखान्यात येतात. हाडाचा तुकडा टाळूवर दोन्ही दाढांच्या मधे आडवा बसतो. नळीचं गोल हाड खालच्या जबड्यात कडीसारखं अडकतं. असं कुत्रं पंजानं तोंड ओरबाडतं, खायला येतं पण घास खाली टाकतं. आडवा तुकडा सहज हलत असेल तर काढा. अडकलेली कडी ओढू नका, ती भूल देऊन कापावी लागते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या दाढेवर दगडासारखी कीट आणि तोंडाला घाण वास असेल, तर ते भुकेलेलं असूनही दुखण्यामुळे खात नाही.

मग कान उलटून, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली गोचीड बघा. आपल्या विदर्भात यावर जास्त वेळ घालवावा, कारण कोठ्याजवळ किंवा मातीच्या भिंतीच्या घरात राहणाऱ्या कुत्र्याच्या न खाण्यामागे गोचीडताप हे फार मोठं कारण आहे. गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालतो, म्हणून कुत्र्यावर औषध मारलं तरी आठवड्यात पुन्हा चढतो. एर्लिचिया नावाच्या जंतूमुळे ताप, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके दिसतात. बबेसिया या दुसऱ्या जंतूमुळे लघवी काळपट आणि हिरड्या फिक्या पडतात. दोन्हींचं औषध वेगळं आहे, म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजानं गोळ्या सुरू करणं खोटं. गोचीड चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढा, नखानं चिरडू नका. जनावरांच्या फवारणीचं औषध डोळ्यांच्या अंदाजानं पाण्यात टाकून कुत्र्याला अंघोळ घालणं म्हणजे दुसरं विष देणं. कुत्रं अंग चाटतं.

कुत्री पाच-सहा आठवड्यांपूर्वी माजावर आली होती, आता खात नाही, पाणी मात्र भसाभस पिते आणि मागून पू येतो किंवा पोट वाढलंय, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. याला घरगुती उपाय नाही, बहुतेकदा शस्त्रक्रियाच लागते.

लस न झालेल्या, सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या पिल्लाला उलटी आणि सडका वास येणारी रक्ताची हगवण असेल तर पार्व्हो हा विषाणूचा आजार समजून चाला. त्याला बाकीच्या पिल्लांपासून वेगळं करा. जागा धुताना एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घ्या आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. फिनाईलनं हा विषाणू मरत नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पावसाळ्यात डोळे पिवळे पडलेलं कुत्रं दिसलं तर लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करा. हा आजार लघवीतून माणसालाही होतो. हातमोजे घाला.

विष पोटात गेलं असेल तर

कपाशीच्या आणि सोयाबीनच्या वावरात फवारणी चालू असताना, किंवा रानडुकरांसाठी कोणी धुऱ्यावर थिमेट हे कीटकनाशक कालवलेलं काही ठेवलं असेल, तर कुत्र्याला लाळ, डोळ्यांत पाणी, हगवण, बारीक झालेल्या बाहुल्या आणि अंगाला झटके दिसतात. औषध कातडीला लागलं असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा आणि औषधाची बाटली किंवा पुडी सोबत घेऊन दवाखान्यात जा. याला अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं, पण वेळेत पोचलं तरच उपयोग.

उंदराच्या काळ्या पावडरीत म्हणजे झिंक फॉस्फाइडमध्ये 'काहीतरी खाऊ घाला, विष उतरेल' ही समजूत घातक ठरते. अन्न पडलं की पोटात आम्ल वाढतं आणि त्यातून विषारी वायू जास्त सुटतो. काही खाऊ घालू नका. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येत असेल तर ती हुंगू नका, गाडीच्या काचा उघड्या ठेवा. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं कोणत्याच विषात करायचं नाही, मीठच कुत्र्याला मारतं. दूध, तूप, ताक हेही उतारे नव्हेत.

सरकीच्या ढेपेतलं गॉसिपॉल कुत्र्याच्या हृदयाला बाधतं, म्हणून ढेपेचं पोतं उघडं ठेवू नका. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, उघड्यावर फेकलेला असेल तर तो खाऊन कुत्रं झिंगतं, गार पडतं. लोक हसतात, पण पिल्लू त्यात मरू शकतं.

पाणी

निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलीलीटर पाणी लागतं. गावात साधारण १५ किलोचं कुत्रं धरलं तर पाऊण ते एक लिटर. वजन माहीत नसेल तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा.

उलटी चालू असताना पाण्याचं भांडं समोर ठेवलं की ते एकदम ढसाढसा पितं आणि तितकंच ओकतं. म्हणून भांडं उचला. ओआरएसची एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि १५ किलोच्या कुत्र्याला दर २० मिनिटांनी दोन-तीन चमचे, म्हणजे १० ते १५ मिलीलीटर, चाटू द्या. दोन तास उलटी झाली नाही तर हळूहळू दुप्पट करा. ओआरएस आवडत नसेल तर त्यात दोन चमचे बिनमिठाचं चिकनचं पाणी टाका. केलेलं मिश्रण २४ तासांनी फेकून द्या, उन्हाळ्यात त्याआधीच. पाणीही टिकत नसेल तर आता घरी करण्यासारखं काही उरलेलं नाही.

उष्माघातात कुत्रं खात नाही, जीभ लांब काढून धापा टाकतं, हिरड्या विटेसारख्या लाल होतात. सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा. बर्फ नको. ताप १०३ पर्यंत उतरला की पाणी थांबवा, नाहीतर तो नको तितका खाली जातो.

पहिलं अन्न

उलटी थांबून सहा-आठ तास झाले, पाणी टिकतंय, कुत्रं मान वर करून बघतंय, आता अन्न. अर्धी वाटी, म्हणजे साधारण ७० ग्रॅम तांदूळ पाचपट पाण्यात गिचका होईपर्यंत शिजवा. वेगळ्या गंजात १०० ग्रॅम बिनहाडाचं, कातडी आणि चरबी काढलेलं चिकन नुसत्या पाण्यात उकडून बोटांनी धागे करा. एक अंडं उकडून कुस्करा. मीठ, तेल, फोडणी, कांदा, लसूण काही नाही. हे सगळं मिळून ४५० कॅलरीच्या आसपास जातं आणि १५ किलोच्या कुत्र्याची विश्रांतीची दिवसाची गरज ५०० च्या थोडी वर असते. घरी मांस शिजत नसेल तर चिकनऐवजी मुगाच्या डाळीचं घट्ट वरण आणि घरचं पनीर चालतं.

पहिल्या दिवशी यातला फक्त एक तृतीयांश, पाच-सहा भागांत. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. पाच दिवसांहून जास्त उपाशी असेल तर पहिल्या दिवशी चौथा भागच द्या. फार दिवस रिकाम्या अंगात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार कोसळतात आणि सुधारत असलेलं कुत्रं अचानक ढासळतं.

अन्न कोमट हवं, मनगटावर टाकून बघितलं तर चटका बसू नये. आजारी कुत्रं जिभेपेक्षा नाकानं जेवतं, आणि गार अन्नाला वास नसतो. नाक चोंदलं असेल तर आधी ओल्या फडक्यानं पुसा. नखाएवढी गोळी हातावर ठेवून पुढे करा, खाल्ली नाही तर कुत्र्याच्या ओठाला थोडं माखा आणि बाजूला व्हा. दहा मिनिटांत तोंड लावलं नाही तर ताट उचला, दोन तासांनी ताजं गरम करून आणा. ताट दिवसभर नाकासमोर ठेवलं तर मळमळ वाढते आणि माश्या बसतात त्या वेगळ्याच. घरातली सगळी माणसं भोवती उकिडवी बसून 'खा ना रे' करत असतील तर त्यांनाही उठवा.

वास वाढवायला उकडलेल्या कलेजीचा बोटाएवढा तुकडा कुस्करून भातात मिसळा. सुकट असेल तर दोनदा उकळून मिठाचं पाणी फेका आणि मग चिमूटभर वापरा. सावजी रश्श्याचा वास कुत्र्याला भुरळ घालतो खरा, पण त्यातला कांदा-लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतो आणि तेलानं स्वादुपिंड सुजतं. दूधही नको, बहुतेक मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. दोन चमचे ताजं दही चालेल. ज्वारीच्या कण्या आणि कोरडी भाकर पुढच्या आठवड्यात.

सिरिंजनं भरवणं

हे शेवटचं साधन आहे, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त यावर काढू नये. उलटी होत असेल, कुत्रं अर्धवट शुद्धीत असेल, धापा टाकत असेल किंवा गिळता येत नसेल तर अजिबात नाही. बैलाला मान वर करून नळीनं औषध पाजतात तसं कुत्र्याला पाजलं तर ते सरळ फुप्फुसात जातं.

वरचंच अन्न मिक्सरमधून काढून, पाणी घालून चहाच्या गाळणीतून गाळा. २० मिलीलीटरची सिरिंज घ्या आणि सुई फेकून द्या. कुत्रं पोटावर बसलेलं हवं, नाक जमिनीला समांतर. ओठाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीत सिरिंजचं तोंड गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि दोन-तीन मिलीलीटर सोडा. गिळताना घसा हलतो, तो हलल्याशिवाय पुढचं सोडू नका. पहिल्या खेपेला १५ किलोच्या कुत्र्याला ३० ते ४० मिलीलीटरवर थांबा. टिकलं तर पुढच्या खेपा ७५ पर्यंत न्या, दिवसात चार ते सहा वेळा. ठसका लागला की थांबून डोकं खाली करा. भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं झोपू देऊ नका. पुढच्या एक-दोन दिवसांत खोकला, ताप किंवा श्वास वाढला तर अन्न फुप्फुसात गेलंय असं धरून दवाखाना गाठा. चेहरा फिरवून लाळ गाळायला लागलं तर जबरदस्ती नको, आधी मळमळीचं इंजेक्शन लागेल.

औषधं आणि दवाखाना

माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि किडनी बसते. पॅरासिटामॉलचा डोस जास्त झाला तर यकृत जातं.

गोचीडतापात डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. ती रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते आणि कोरडी गिळवली तर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. मग कुत्रं औषधामुळेच खात नाही. चार घास गेल्यावर द्या आणि त्यानंतर सिरिंजनं तोंडात थोडं पाणी सोडा. कुत्रं दोन-तीन दिवसांत जेवायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो, तो पुरा करायचा.

'एक सलाईन लावा म्हणजे ताकद येईल' असा हट्ट धरू नका. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ८५ च्या आसपास कॅलरी असतात. पाणी भरून निघतं, जेवण नाही.

श्रेणी १ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणजे डॉक्टर असतात. श्रेणी २ मध्ये बहुधा पशुधन पर्यवेक्षक असतो, म्हणून आधी फोन करून विचारा. रक्त तपासायचं किंवा शस्त्रक्रिया असेल तर जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. ते गाईम्हशींसाठी जास्त धावतं, पण जवळ कोण डॉक्टर आहे ते तरी कळतं.

जाताना चिठ्ठीवर लिहून न्या: शेवटचं कधी खाल्लं, पाणी किती, उलट्या किती आणि कोणत्या रंगाच्या, ताप कधी किती, लस कधी, काय काय औषध दिलं. उलटीचा आणि विष्ठेचा फोटो काढा, गोळ्यांची पाकिटं घ्या. फटफटीवर नेताना तोंड दुपट्ट्यानं बांधायचं असेल तर उलटी किंवा धाप लागलेल्या कुत्र्याचं बांधू नका, त्याचा श्वास कोंडतो. टोपलीत पोतं घालून बसवा, पहाटे किंवा संध्याकाळी निघा.

नेहमीच्या अन्नावर आणताना पहिल्या दिवशी पाव भाग भाकर, पाऊण भाग भात-चिकन, मग रोज पाव भाग वाढवत चार दिवसांत पूर्ण भाकर. विष्ठा पुन्हा पातळ झाली तर एक पायरी मागे या.